न चाखलेली भजी

साडेपाच महिन्यांत माझ्या नातीनं माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं, आणि तेही माझ्याच धंद्यातलं. मला तर आकाश ठेंगणं झालं. पण माणसाला नको तिथं शहाणपणा करायची खोड असली, की पदरात पडलेलंही टिकत नाही. माझी ती खोड जुनी आहे.

मी यादवराव. नाशिकच्या सरकारी वसतिगृहात पस्तीस वर्षं आचारी होतो. रोज दोन वेळा तीनशे मुलांचा स्वयंपाक. माझा मुलगा चंद्रशेखर ऑकलंडला इंजिनीअर आहे आणि सून सुजाता तिथल्याच एका लॅबमध्ये काम करते. तिथल्या माउंट रॉस्किल भागात त्यांचं भाड्याचं घर आहे. २०१६ साली त्यांनी मला सहा महिन्यांच्या व्हिसावर बोलावून घेतलं. 'बाबा, आरुषीला आजोबा कळू देत,' असं चंदू फोनवर म्हणाला होता.

आरुषी नऊ वर्षांची. जन्म इथलाच. मराठी तिला कळतं असं तिचे आईबाप सांगायचे, पण मला ते पटत नव्हतं. मी मराठीत विचारायचो, ती इंग्रजीत एक शब्द टाकून खोलीत निघून जायची. 'येस', 'नो' आणि 'आय डोन्ट नो'. सकाळी मी तिला शाळेत सोडायला जायचो तेव्हा ती दहा पावलं पुढं चालायची, मी मागं. संध्याकाळी ती हातात टॅब घेऊन सोफ्यावर पाठ करून बसायची आणि मी आपला त्या पाठीला वसतिगृहाच्या गोष्टी सांगायचो. कोणत्या पोरानं उशीखाली चपात्या लपवल्या, बेसनाचं पोतं कसं भिजलं, पस्तीस वर्षांत माझं मीठ एकदाही कसं चुकलं नाही. भिंतीशी बोलल्यासारखं वाटायचं. पण रिकाम्या घरात माणूस आणखी काय करणार?

माझं परतीचं विमान शनिवारचं होतं. त्याआधीच्या सोमवारी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हातात एक कागद होता.

"आजोबा, कॅन यू हेल्प मी?"

मी चष्मा शोधायला उठलो तो टीपॉयला गुडघा आपटला.

प्रकरण असं होतं. शाळेत 'वर्ल्ड काई' नावाचा उपक्रम होता. काई म्हणजे माओरी भाषेत जेवण. प्रत्येक मुलानं चिठ्ठी उचलायची, त्यात ज्या लोकांचं नाव येईल त्यांचा एक पदार्थ घरी करून आणायचा आणि वर्गासमोर उभं राहून त्याबद्दल बोलायचं. स्वतःच्या घरचा पदार्थ चालणार नाही. मदतीला घरचं एक मोठं माणूस चालेल. आरुषीच्या चिठ्ठीत निघाले आमिश.

"हे कोण?"

"दे लिव्ह इन अमेरिका. नो टीव्ही, नो कार्स. हॉर्सने जातात. नो इलेक्ट्रिसिटी."

"म्हणजे आमचंच गाव की," मी म्हटलं. ती हसली. खोटं कशाला सांगू, ती माझ्या बोलण्यावर हसली हे मी तीनदा मनात घोळवलं.

रात्री जेवण झाल्यावर सुजातानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाबा, ती वर्गात बोलतच नाही. तिच्या मिसनी मला दोनदा बोलावून सांगितलंय. यावेळी ती स्वतःहून उभी राहायला तयार झालीय. तेवढं नीट पार पडू दे."

"अगं, तीनशे पोरांना जेवू घातलंय मी," मी म्हटलं. "सव्वीस पोरांची भजी ती काय!"

"भजी नाहीत बाबा. फ्रिटर्स. आणि कागदावर लिहिलंय तसंच करा."

कागद मी वाचला. मैदा, थोडा मक्याचा रवा, साखर, बेकिंग पावडर, मीठ, दूध आणि बारीक चिरलेला कांदा. सगळं भिजवून चमच्यानं तेलात सोडायचं, जरा चपटं करायचं, कुरकुरीत तळायचं. वाचून मला हसावं की रडावं कळेना. कांद्यात दूध? भज्यात साखर? बेसन नाही, ओवा नाही, तिखट नाही. नाशिकच्या माणसाला हा कागद कांदा शिकवत होता.

बुधवारी सकाळी करायचं ठरलं. चंदू आणि सुजाता सातला घर सोडतात, आरुषीची शाळा नऊला. घरात तळण करायला सुजाताची बंदी होती. तळलं की धुराचा अलार्म बोंबलतो आणि मालकाचा माणूस तपासणीला आला की भिंती हुंगतो. म्हणून मागच्या डेकवर छपराखाली छोटी गॅसची शेगडी मांडली.

मी साडेसहालाच उठून कांदे चिरून घेतले. इथला कांदा मोठा, दिसायला देखणा, पण अंगात नुसतं पाणी. अशा कांद्याची भजी कुरकुरीत करायची तर एकच उपाय: आधी मीठ चोळून ठेवायचं, पाणी सुटलं की घट्ट पिळून घ्यायचं. हे काही कागदात नव्हतं. आमिश लोकांना माहीत नसेल, त्यांना कोण सांगणार? मी दोन मुठी मीठ घातलं, कांदा चोळला, झाकून ठेवला. अर्ध्या तासानं पिळला आणि पातेल्यात पुन्हा मोकळा केला. कांदा पाहून कुणाला कळलंही नसतं.

सांगायला हवं होतं. पण कागदावर लिहिलंय तसंच करा, असं सून म्हणाली होती. कशाला वाद? फ्रिटर्स कुरकुरीत झाले की सगळे गप्प बसणार होते आणि मग मी हळूच सांगणार होतो, की ही करामत म्हाताऱ्याची.

आरुषी उठली, केस बांधून आली. कप आणि चमचे ओळीनं लावले. ती प्रत्येक वस्तू घेताना कागदावर बोट ठेवायची, मोजायची, चाकूच्या पाठीनं चमचा सपाट करायची आणि मग टिकमार्क करायची. इतक्या निगुतीनं काम करणारं पोर मी वसतिगृहात पाहिलं नव्हतं. मी तेवढ्यात बाहेर तेल तापवत होतो. पाऊस भुरभुरत होता, वाऱ्यानं ज्योत विझत होती. मी आडोशाला पुठ्ठा लावण्यात गुंतलो. आत तिनं मीठ मोजलं ते मी पाहिलं नाही. खरं म्हणजे पाहायची गरजच वाटली नाही. माझ्या डोक्यात मीठ घालून झालेलं होतं.

पीठ छान झालं. एक एक चमचा तेलात सोडला की कडेनं जाळी धरायची, सोनेरी रंग यायचा. पहिला घाणा कागदावर काढला तेव्हा आरुषीनं हात पुढं केला.

"शुड वी टेस्ट वन?"

"नाही!" मी इतक्या जोरात म्हटलं, की तिनं हात झटकन मागं घेतला. "दुसऱ्याला द्यायचं ते आधी चाखायचं नसतं."

"व्हाय?"

"नियम आहे."

"हूज रूल?"

कुणाचा नियम? काय सांगणार होतो त्या लेकराला? मी वीस वर्षांचा होतो. नाशिकातच एका खाजगी मेसमध्ये मदतनीस म्हणून लागलो होतो. एका दुपारी आमटीचे चार थेंब पळीनं तळहातावर घेऊन चाखले. मोठा आचारी रोज तसंच करायचा, त्याला पाहूनच शिकलो होतो. पण मालकानं मला पाहिलं, आणि माझं आडनाव त्याला नुकतंच कळलं होतं. साठ माणसांची आमटी त्यानं माझ्याच हातानं मोरीत ओतायला लावली. पातेलं मलाच घासायला लावलं. पातेलं लख्ख झाल्यावर म्हणाला, आता जा.

त्या दिवसापासून मी शिजवलेलं कधी चाखलं नाही. पुढं सरकारी वसतिगृहात सगळी आमचीच पोरं होती, तिथं मला कुणी काही बोललं नसतं, तरी नाही. मीठ हातानं ओळखायला शिकलो. लोक म्हणायचे, यादवरावांच्या हाताला जीभ आहे. मी हसायचो. ती जीभ कुठून आली, हे चंदूलासुद्धा सांगितलं नाही.

"आपल्या घरचा नियम," मी आरुषीला म्हटलं. तिनं मान डोलावली.

शाळेत जाताना डबा तिनं स्वतः धरला. त्या दिवशी ती दहा पावलं पुढं नव्हती. एकच छत्री होती म्हणून असेल, पण माझ्या बाजूनं चालत होती. फाटकापाशी म्हणाली, "ट्वेल्व्ह थर्टीला आहे. यू कॅन कम इफ यू वॉन्ट."

मी घरी आलो, चहा टाकला. बशीत चार फ्रिटर्स उरले होते. आता ते द्यायचे नव्हते, तेव्हा खायला हरकत नव्हती. एक तोंडात टाकला.

अख्खा समुद्र तोंडात आला.

मी तो थुंकून टाकला. दुसरा फोडून पाहिला, तोही तसाच. मग ओट्यावरचा तिचा कागद उचलला. मिठापुढं टिकमार्क होता, नीट, सरळ. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. माझं मीठ कांद्यात आणि तिचं मीठ पिठात. दोघांनीही घातलं, आणि चाखायला बंदी माझीच. पस्तीस वर्षांत चुकलं नाही ते मीठ चुकलं, तेही तिच्या डब्यात.

मी खुर्चीवर बसलो आणि मला रडू आलं. लाज वाटली, पण आलं. जे पोर वर्गात तोंड उघडत नाही ते आज सव्वीस पोरांपुढं उभं राहणार, आणि पोरं घास थुंकणार. शनिवारी मी विमानात बसून निघून जाणार आणि तिच्या लक्षात आजोबा राहणार ते असे.

घड्याळात साडेनऊ झाले होते. बसून रडायला वेळ नव्हता. मैदा होता, मक्याचा रवा अर्धा पुडा उरला होता. कांदा एकच आणि दूध तळाला. मी सुजाताच्या जँडल्समध्ये, म्हणजे रबरी चपलांमध्येच, पाय घुसवले आणि कोपऱ्यावरच्या डेअरीत गेलो. डेअरी म्हणजे इथं किराण्याचं छोटं दुकान. इतके दिवस चंदूशिवाय मी त्या दुकानाची पायरी चढलो नव्हतो, इंग्रजीची भीती वाटायची म्हणून. त्या दिवशी भीती वाटायला सवड झाली नाही. कांद्याची पिशवी आणि दुधाची बाटली काउंटरवर ठेवली. दुकानदार माझ्या पायांकडे बघून "यू ओके, अंकल?" म्हणाला. मी म्हटलं, "सॉल्ट." तो मिठाचा पुडा काढायला वळला. मी म्हटलं, "नो, नो, टू मच सॉल्ट," आणि पैसे ठेवून, सामान उचलून बाहेर पडलो.

या खेपेला मी कागद समोर टेकवून ठेवला आणि आरुषीसारखंच बोट ठेवून, मोजून, चमचा सपाट करून सगळं घेतलं. कांदा बारीक चिरला, त्यांनी सांगितला तसा. साखर घातली. दूध घातलं. माझा हात दर वेळी कशात तरी शिरू बघत होता, त्याला मी दटावत होतो. मिठाचा चमचा कागदाप्रमाणं एकदाच पडला. आणि तरी चाखलं नाही. बशीत पहिला घाणा पडलेला, घर रिकामं, बघणारं कुणी नाही, पण हात उचलेना. एवढं झाल्यावरही उचलेना.

गरम फ्रिटर्स डब्यात बंद केले तर मऊ पडतात. म्हणून मोठ्या ताटात कागद घालून, वर सुजाताचा स्वच्छ टॉवेल टाकून, ताट छातीशी धरून मी निघालो. ऑफिसातल्या बाईनं "किया ओरा", म्हणजे माओरीत नमस्कार, म्हणून माझं नाव लिहून घेतलं, छातीवर चिकटपट्टी लावली आणि वर्ग दाखवला. बारा पस्तीस झाले होते.

दार उघडंच होतं. पोरं जमिनीवर बसली होती. एका मुलीनं तोंड वाकडं केलं होतं, एक जण कागदी रुमालात थुंकत होता, दोघं पाण्याच्या बाटल्या शोधत होते. मिस सीना म्हणून त्यांची बाई होती, ती "इट्स ओके, इट्स ओके" करत होती. आणि फळ्यापुढं आरुषी उभी होती. कान लाल झाले होते. खाली बघत होती.

मी दारातच थांबलो.

"सॉरी," आरुषी म्हणाली. आवाज एवढासा, पण ऐकू येत होता. "इट मस्ट बी मी. आय मस्ट हॅव पुट द सॉल्ट ट्वाइस." मग ती म्हणाली, "इट्स नॉट माय ग्रँडॅड. माझे आजोबा कुक होते. फॉर थ्री हंड्रेड किड्स, एव्हरी डे. थर्टी-फाइव्ह इयर्स. ही नेव्हर गॉट द सॉल्ट राँग. नॉट वन्स."

म्हणजे भिंत ऐकत होती. साडेपाच महिने रोज संध्याकाळी ती पाठ सगळं ऐकत होती.

तिथंच परत फिरावं असं क्षणभर मनात आलं. हो, आलं. माझी पस्तीस वर्षं शाबूत राहिली असती. त्या पोरीनं स्वतःच्या तोंडानं ती मला बहाल केली होती, अख्ख्या वर्गासमोर. पण तिला खरंच वाटत होतं की चूक तिची आहे. एवढं मोजून, टिकमार्क करून तिनं केलं होतं, आणि तरी आपणच चुकलो असं धरून ती घरी गेली असती. कदाचित पुन्हा कधी उभी राहिली नसती.

"मिस," मी म्हटलं. सगळी डोकी वळली. "सॉल्ट... आय. नॉट शी. आय."

पुढं इंग्रजी संपली. मी आरुषीकडे बघून सरळ मराठीत बोललो.

"आरू, मीठ माझं चुकलं. तू उठायच्या आधी मी कांद्याला मीठ चोळून ठेवलं होतं. आमच्याकडे भज्यांना लावतात तसं. तुला सांगितलं नाही. तुझं माप बरोबर होतं. तू चाखू म्हणालीस तेही बरोबर होतं."

ती वर्गाकडे वळली आणि मगापेक्षा मोठ्या आवाजात बोलली.

"माय ग्रँडॅड सेज ही सॉल्टेड द अनियन्स बिफोर आय वोक अप, अँड ही डिडन्ट टेल मी. ही सेज आय मेजर्ड इट राइट." मग म्हणाली, "अँड ही सेज सॉरी."

सॉरी मी म्हटलं नव्हतं. पण भाषांतर तिनं अगदी बरोबर केलं होतं.

मी ताटावरचा टॉवेल काढला. वाफ आली. मागच्या रांगेतला एक जाडा पोरगा "स्वीट ॲझ!", म्हणजे इथल्या पोरांच्या भाषेत एकदम भारी, म्हणून गुडघ्यावर उठला. मिस सीनानं माझ्या हातातून ताट घेऊन टेबलावर ठेवलं आणि पोरांना रांग करायला सांगितलं.

"वेट," आरुषी म्हणाली. तिनं ताटावर हात आडवा धरला. "आजोबा, टेस्ट."

सव्वीस पोरं माझ्याकडे बघायला लागली. काळी, गोरी, सावळी, एकाच्या डोक्यावर पटका, एकीच्या डोक्यावर रुमाल. कुणाच्याही चेहऱ्यावर काही नव्हतं. फक्त भूक होती, आणि म्हातारा एवढा वेळ का लावतोय हा प्रश्न. मी मात्र एकसष्टाव्या वर्षी त्या मेसच्या मोरीपाशी उभा होतो आणि पातेलं अजून माझ्या हातात होतं.

"आजोबा," ती हळूच म्हणाली. "इट्स ओके. नवा रूल."

मी एक फ्रिटर उचलला. अर्धा दातांनी तोडला. कडेला कुरकुरीत होता, आत मऊ, कांदा गोडसर लागत होता. चांगला झाला होता. भजी नव्हतीच ती, पण चांगली होती.

"मीठ?" तिनं मराठीत विचारलं.

"बरोबर आहे."

उरलेला अर्धा माझ्या हातातच होता. काय करायचं त्याचं, मला कळेना. खिशात ठेवावा की काय असं वाटत होतं. आरुषीनं तो माझ्या बोटांतून काढून घेतला, माझ्या दातांची खूण होती त्या बाजूनंच चावला आणि वर्गाकडे मान डोलावली.

मग ताट उचलून ती पहिल्या रांगेकडे गेली, आणि सगळ्यांनी घेतलं.